रेणवीय जीवविज्ञानातील संशोधक-प्रशिक्षण

रेणवीय जीवविज्ञानातील संशोधक-प्रशिक्षण : आनुवंशिकता, वाढ, चयापचय इ. जैव घटनांचा उलगडा डीएनए, आरएनए व प्रथिने या महारेणूंच्या पातळीवर करणाऱ्या शास्त्रात स्वतंत्रपणे संशोधन करू शकणारी व्यक्ती घडविण्याची पद्धती. पीएच्.डी. पदवी हे या प्रशिक्षणाचे औपचारिक फलित होय. रेणवीय जीवविज्ञान ज्या ठिकाणी वाढीस लागले त्यांपैकी अनेक ठिकाणे विद्यापीठे नव्हती, तर स्वतंत्र संशोधन संस्था होत्या. त्यांच्याजवळ उपकरणे होती, नामवंत संशोधक होते आणि अध्यापनाच्या भारापासून मुक्तताही होती. परंतु नियमित विद्यार्थी, निश्चित अभ्यासक्रम आणि पदवी देण्याचा अधिकार या तीन गोष्टी बहुधा नव्हत्या. ही उणीव प्रथम गुरुशिष्यपरंपरेने व उन्हाळी वर्गांनी आणि नंतर आखीव शिक्षणक्रमाने कशी भरून काढण्यात आली, याचा इतिहास या शास्त्राच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही. या इतिहासाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : जे कौशल्य जाणत्या संशोधकाच्या शेजारी उभे राहूनच शिकता येते, त्याला नियमांची चौकट घालावी किंवा कसे, आणि घातल्यास विद्यार्थ्याचे काय साधते व काय हरपते.

पार्श्वभूमी : संशोधनावर आधारलेली पदवी ही एकोणिसाव्या शतकातील जर्मन विद्यापीठांची देणगी आहे. गीसन येथे युस्टुस फोन लीबिक यांनी १८२४ नंतर उभारलेल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी प्राध्यापकाच्या देखरेखीखाली स्वतःचा प्रश्न हाताळून शास्त्र शिकत. अमेरिकेत १८७६ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने हाच आदर्श पुढे ठेवला. ब्रिटिश विद्यापीठांनी ही पदवी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्वीकारली. अमेरिकेत कालांतराने पदवीपूर्वी काही वर्षे अभ्यासक्रम पुरा करण्याची व पात्रता परीक्षा देण्याची प्रथा रूढ झाली. ब्रिटनमध्ये मात्र विद्यार्थी पहिल्या दिवसापासून प्रयोगशाळेत दाखल होई व सुमारे तीन वर्षांनी प्रबंध सादर करी. भारतीय विद्यापीठांनी मुख्यतः ब्रिटिश पद्धती उचलली. त्यामुळे येथील पीएच्.डी. दीर्घकाळ एक विद्यार्थी, एक मार्गदर्शक व एक प्रबंध एवढ्यापुरतीच मर्यादित राहिली.

‘रेणवीय जीवविज्ञान’ ही संज्ञा रॉकफेलर प्रतिष्ठानाचे वॉरन वीव्हर यांनी १९३८ मध्ये वापरली. त्या वेळी या नावाचा विभाग कोणत्याही विद्यापीठात नव्हता. या क्षेत्रात येणारे लोक भौतिकी, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवविज्ञान, आनुवंशिकी अशा भिन्न शाखांतून येत आणि त्यांना परस्परांची परिभाषाही अवगत नसे. जुन्या विभागांपैकी एकही विभाग त्यांना पूर्ण शिक्षण देऊ शकत नव्हता. नवे शिक्षण विद्यापीठांबाहेर सुरू होण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

कोल्ड स्प्रिंग हार्बरचे उन्हाळी वर्ग : न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंड बेटावर कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे १८९० मध्ये जीवविज्ञानाची एक उन्हाळी प्रयोगशाळा स्थापन झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे कार्नेगी संस्थेचे आनुवंशिकीचे केंद्र आले. १९३३ पासून तेथे प्रतिवर्षी परिसंवाद भरू लागले. मूळचे जर्मन भौतिकीविज्ञ माक्स डेलब्र्यूक (१९०६–८१) यांनी १९४५ च्या उन्हाळ्यात तेथे जीवाणुभक्षी विषाणूंवरील प्रात्यक्षिक वर्ग सुरू केला. जीवाणूंमध्ये शिरून अल्पावधीत आपल्या शेकडो प्रती निर्माण करणारे हे विषाणू जनुकाच्या अभ्यासास अत्यंत सोयीचे होते. साल्व्हादोर लुरिया (१९१२–९१) व आल्फ्रेड हर्शी (१९०८–९७) हे या क्षेत्रातील डेलब्र्यूक यांचे सहकारी होते. या तिघांना १९६९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

हा वर्ग काही आठवड्यांचाच असे. विद्यार्थी सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच प्रयोगशाळेत काम करीत. जीवाणूंच्या थरावर विषाणूंमुळे पडणारे स्वच्छ ठिपके मोजणे, त्या मोजणीतील सांख्यिकीय अनिश्चितता ओळखणे आणि एका प्रयोगाच्या निष्कर्षावरून दुसऱ्या दिवशीचा प्रयोग आखणे, हा त्यांचा नित्यक्रम असे. भौतिकीकडून आलेल्यांना येथे सजीव हाताळण्याची आणि जीवविज्ञानाकडून आलेल्यांना संख्यात्मक विचार करण्याची सवय लागे. वर्गाच्या शेवटी पदवीदान समारंभाची विनोदी नक्कल होई. खरी पदवी मात्र मिळत नसे. तरीही अणुभौतिकीत कीर्ती मिळविलेले लिओ झिलार्ड (१८९८–१९६४) यांनी १९४७ मध्ये व भौतिकीचेच सीमोर बेंझर (१९२१–२००७) यांनी १९४८ मध्ये हा वर्ग पुरा केला आणि दोघेही जीवविज्ञानाकडे वळले. सुमारे पंचवीस वर्षे चाललेल्या या वर्गाने पदवीशिवायही अभ्यासक्रम प्रभावी ठरू शकतो हे दाखवून दिले. सर्वांना समान असलेली पायाभूत तंत्रे व एक समान परिभाषा मिळाल्याने ठिकठिकाणचे संशोधक परस्परांचे प्रयोग पडताळून पाहू शकले.

केंब्रिजची परंपरा : याच सुमारास इंग्लंडमध्ये वेगळ्या प्रकारची व्यवस्था आकारास येत होती. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४७ मध्ये केंब्रिज येथील कॅव्हेंडिश या भौतिकीच्या प्रयोगशाळेत एक छोटा संशोधन गट स्थापन केला. क्ष-किरण विवर्तनाच्या साहाय्याने प्रथिनांची संरचना शोधणारे मॅक्स पेरुट्झ (१९१४–२००२) व जॉन केंड्रू (१९१७–९७) हे या गटाचे आधारस्तंभ होते. या गटातूनच १९६२ मध्ये रेणवीय जीवविज्ञान प्रयोगशाळा स्वतंत्र इमारतीत सुरू झाली. ही संशोधन परिषदेची संस्था असल्यामुळे तिला पदव्या देता येत नसत. तिच्या विद्यार्थ्यांची नोंदणी केंब्रिज विद्यापीठाकडे होई व पदवीही विद्यापीठच देई.

या सैल व्यवस्थेचे गुण व दोष फ्रान्सिस क्रिक (१९१६–२००४) यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होतात. महायुद्धाने शिक्षणात खंड पडलेले क्रिक १९४९ मध्ये या गटात आले व १९५४ मध्ये, वयाची सदतिशी ओलांडल्यावर, त्यांना पीएच्.डी. मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय पॉलिपेप्टाइडे व प्रथिने यांचे क्ष-किरण विवर्तन हा होता. १९५३ मध्ये अमेरिकेहून आलेल्या जेम्स वॉटसन यांच्यासह त्यांनी मांडलेली डीएनएची दुहेरी सर्पिल संरचना त्यांच्या नेमून दिलेल्या विषयाच्या कक्षेबाहेरची होती. वॉटसन हे लुरिया यांचे विद्यार्थी. १९५० मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी इंडियाना विद्यापीठाची पीएच्.डी. घेऊन ते यूरोपात आले होते. वेळापत्रकाचा व प्रगती-अहवालांचा काच असता, तर प्रबंधाबाहेरच्या प्रश्नावर असा वेळ घालविणे क्रिक यांना कितपत शक्य झाले असते, ही शंका आखीव शिक्षणक्रमाच्या टीकाकारांनी पुढे वारंवार उपस्थित केली. तथापि हे स्वातंत्र्य गटप्रमुखांच्या सहिष्णुतेवर अवलंबून होते. जेथे तशी सहिष्णुता नसे, तेथे विद्यार्थ्याला दाद मागण्यास जागा नव्हती.

मुंबईतील प्रयोग : भारतात या परंपरेचा पहिला ठळक विस्तार मुंबईस झाला. होमी भाभा (१९०९–६६) यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. बंगलोर येथे सुरू झालेली ही संस्था त्याच वर्षअखेरीस मुंबईस आली आणि १९६२ मध्ये कुलाबा येथील तिच्या कायम वास्तूचे उद्‌घाटन झाले. आधी विभागाची रचना ठरवून मग माणसे नेमण्याऐवजी, योग्य माणूस आढळल्यावर त्याच्याभोवती विभाग उभा करावा, असे भाभा यांचे धोरण होते. गणित विभागात परदेशी अभ्यागत प्राध्यापकांच्या व्याख्यानमाला होत व त्यांची टिपणे संस्थेतील तरुण सदस्य लिहून काढीत. प्रकाशित झालेली ही टिपणे शिक्षण व संशोधन यांच्यातील दुवा ठरली.

जीवविज्ञानासाठी असा माणूस ओबैद सिद्दिकी (१९३२–२०१३) यांच्या रूपाने मिळाला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिक्षण झाल्यावर सिद्दिकी यांनी ग्लासगो येथे ग्वीदो पोंतेकोर्व्हो (१९०७–९९) यांच्या मार्गदर्शनाखाली ॲस्पर्जिलस या बुरशीच्या आनुवंशिकीवर प्रबंध लिहिला व १९६१ मध्ये पीएच्.डी. मिळविली. त्यानंतर अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲलन गॅरेन यांच्यासह त्यांनी एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूतील काही उत्परिवर्तनांचा परिणाम दुसऱ्या एका जनुकामुळे दडपला जातो, असे दाखविले. प्रथिननिर्मिती मध्येच थांबविणाऱ्या सांकेतिक शब्दांचे स्वरूप समजण्यास या कार्याने मदत झाली. झिलार्ड यांनी सिद्दिकी यांचे नाव भाभांना सुचविले आणि १९६२ मध्ये संस्थेत रेणवीय जीवविज्ञान विभाग सुरू झाला. कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या वर्गात पंधरा वर्षांपूर्वी विद्यार्थी म्हणून बसलेल्या एका भौतिकीविज्ञाकडून ही सूचना यावी, यावरून या शास्त्रातील संबंधांचे जाळे किती लहान व घट्ट होते याची कल्पना येते.

भौतिकी व गणित यांच्या संस्थेत जीवविज्ञानाचा गट स्थापन झाल्याने काही गोष्टी आपोआप घडल्या. भारतीय विद्यापीठांत त्या काळी वनस्पतिविज्ञान व प्राणिविज्ञान हे विभाग स्वतंत्र होते. वर्गीकरण व शरीररचना यांवर त्यांचा भर असे. रेणवीय आनुवंशिकी शिकलेला पदवीधर येथे मिळणे कठीण होते. म्हणून नव्या विभागाला आपले विद्यार्थी आपणच घडवावे लागले. विद्यार्थ्यांची पूर्वपीठिका कोणत्या शाखेची आहे, यास गौण स्थान मिळाले. भौतिकीतून जीवविज्ञानाकडे वळलेले पी. बाबू आणि यीस्टमधील शर्करा-चयापचयाच्या आनुवंशिकीवर कार्य करणारे पवित्र मैत्र हे जीवरसायनशास्त्रज्ञ यांच्यामुळे विभागाला वैविध्य लाभले. जीवाणूंवर सुरू झालेले काम १९७० नंतर ड्रॉसोफिला या फळमाशीकडे वळले. तापमान वाढताच पंगू होणाऱ्या उत्परिवर्तित माश्यांच्या तंत्रिकांमधील दोषांवर सिद्दिकी व बेंझर यांचा संयुक्त लेख १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. फळमाशीचा विकास व तंत्रिकाविज्ञान या विषयावर १९७९ च्या अखेरीस मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

या काळातील प्रशिक्षणाचे स्वरूप व्हेरोनिका रॉड्रिग्ज (१९५३–२०१०) यांच्या उदाहरणावरून समजते. त्यांचा जन्म केन्यात एका मूळच्या गोमंतकीय कुटुंबात झाला. पूर्व आफ्रिकेत व नंतर डब्लिन येथे शिक्षण घेत असताना सिद्दिकी यांचे लेखन वाचून त्यांनी सिद्दिकींशी पत्रव्यवहार केला आणि त्या मुंबईस आल्या. फळमाशीला चव व वास यांचे ज्ञान कसे होते, याचा त्यांनी उत्परिवर्तनांच्या साहाय्याने अभ्यास केला. चवीच्या संवेदनेत दोष असलेल्या माश्या वेगळ्या काढण्याच्या साध्या पण काटेकोर चाचण्या या कामातून निर्माण झाल्या. १९८१ मध्ये पीएच्.डी. मिळाल्यावर काही काळ जर्मनीत संशोधन करून त्या याच विभागात परतल्या व पुढे त्याच्या प्रमुख झाल्या. एका पत्रावरून विद्यार्थ्याला दार उघडे होणे, हे या व्यवस्थेचे बलस्थान होते. परंतु ज्यास असे पत्र लिहिण्याचे सुचले नाही, किंवा ज्याच्या महाविद्यालयात अशा संशोधनाची वार्ताही पोहोचली नव्हती, त्याच्यासाठी हे दार अस्तित्वातच नव्हते. देशभर घेतली जाणारी प्रवेश परीक्षा, मुलाखती व पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधनवर्ग यांमुळे ही त्रुटी पुढे बऱ्याच अंशी कमी झाली.

पदवीचा प्रश्नही होताच. संस्थेतील विद्यार्थ्यांचे प्रबंध मुंबई विद्यापीठाकडे सादर होत व पदवी विद्यापीठ देई. २००२ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर ती स्वतःच्या नावाने पदवी देऊ लागली. विभागातील संशोधकांच्या पुढाकाराने १९९० नंतरच्या काळात बंगलोर येथे संस्थेचे ‘नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस’ हे केंद्र उभे राहिले. सिद्दिकी त्याचे पहिले संचालक होते.

चौकटीची आवश्यकता : १९७० नंतर परिस्थिती झपाट्याने बदलली. डीएनए विशिष्ट ठिकाणी कापणारी एंझाइमे, १९७२-७३ मधील पुनःसंयोजित डीएनए तंत्र, १९७७ मधील डीएनएचा अनुक्रम वाचण्याच्या पद्धती आणि १९८० नंतरची डीएनएच्या प्रती वाढविण्याची बहुवारिक विक्रिया यांमुळे तंत्रांची संख्या एका मार्गदर्शकाच्या आवाक्याबाहेर गेली. प्रयोगशाळा मोठ्या झाल्या, स्पर्धा वाढली व अनुदाने ठराविक प्रकल्पांना बांधली गेली. परिणामी विद्यार्थी हा शिकणारा न राहता प्रकल्पातील कामकरी होण्याचा धोका निर्माण झाला. एकाच तंत्रात पारंगत, परंतु शेजारच्या प्रयोगशाळेतील प्रश्नाविषयी अनभिज्ञ असे पदवीधर बाहेर पडू लागले. आखीव शिक्षणक्रमाची मागणी या अनुभवातून पुढे आली.

संशोधन संस्थेने स्वतःच शिक्षणसंस्था होण्याचा मार्ग न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेने याआधीच चोखाळला होता. १९०१ मध्ये वैद्यकीय संशोधनासाठी स्थापन झालेल्या या संस्थेला डेटलेव्ह ब्राँक (१८९७–१९७५) यांच्या कारकीर्दीत १९५४ मध्ये पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. पहिले विद्यार्थी १९५५ मध्ये दाखल झाले व १९६५ मध्ये संस्थेचे रॉकफेलर विद्यापीठ असे नामांतर झाले.

यूरोपीय रेणवीय जीवविज्ञान प्रयोगशाळेने दुसरा मार्ग स्वीकारला. अनेक यूरोपीय राष्ट्रांच्या करारातून १९७४ मध्ये स्थापन झालेल्या व हायडल्‌बर्ग येथे मुख्यालय असलेल्या या संस्थेचे पहिले महासंचालक केंड्रू होते. त्यांच्यानंतर आलेल्या लेनर्ट फिलिप्सन (१९२९–२०११) यांच्या कारकीर्दीत १९८३ मध्ये तेथे आंतरराष्ट्रीय पीएच्.डी. शिक्षणक्रम सुरू झाला. विद्यार्थ्यांची निवड एकेका गटप्रमुखाने न करता संपूर्ण संस्थेने मिळून करावी, नव्या विद्यार्थ्यांनी आरंभी काही आठवडे एकत्रितपणे पायाभूत अभ्यासक्रम पुरा करावा आणि प्रत्येकाच्या प्रगतीवर मार्गदर्शकाखेरीज इतर तज्ञांचा समावेश असलेल्या प्रबंध सल्लागार समितीने लक्ष ठेवावे, ही त्याची मुख्य अंगे होत. पदवी विद्यार्थ्याच्या स्वदेशातील विद्यापीठाकडून मिळे. १९९७ मध्ये संस्थेला पदवी देण्याचा अधिकार प्राप्त झाला, तरी विद्यापीठांशी करार करून संयुक्त पदवी देण्याकडेच तिचा कल राहिला. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थांनीही या शतकाच्या आरंभापासून विद्यापीठांच्या सहकार्याने आंतरराष्ट्रीय संशोधन प्रशाला सुरू केल्या.

कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे पन्नासहून अधिक वर्षे वर्ग चालले, परंतु पदवी नव्हती. तेथे प्रबंधाचे काम करणारे विद्यार्थी प्रायः जवळच्या स्टोनी ब्रूक येथील विद्यापीठात नोंदलेले असत. १९९८ मध्ये न्यूयॉर्क राज्याने संस्थेला पदवीदानाचा अधिकार दिला व १९९९ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली. सुमारे चार वर्षांत पदवी पूर्ण व्हावी, हा या प्रशालेचा हेतू होता. त्यासाठी माहितीच्या पाठांतराऐवजी शोधनिबंधांचे चिकित्सक वाचन व प्रयोगांची आखणी यांवर भर देणारा अभ्यासक्रम आखला गेला. प्रत्येक विद्यार्थ्यास संशोधनाच्या मार्गदर्शकाखेरीज एक स्वतंत्र शैक्षणिक सल्लागार देण्यात आला. विद्यार्थ्यांनी शाळकरी मुलांना डीएनएविषयी शिकविण्याचा अनुभव घ्यावा, अशीही योजना होती. प्रशालेला प्रथम वॉटसन यांचे नाव होते. वंश व बुद्धिमत्ता यांविषयीच्या त्यांच्या विधानांमुळे २०२० मध्ये ते वगळण्यात आले.

शिक्षणक्रमाचे घटक : निरनिराळ्या संस्थांच्या अनुभवातून या प्रशिक्षणाचे एक सर्वसाधारण स्वरूप निश्चित झाले आहे. (१) प्रवेश : लेखी परीक्षा व मुलाखत यांद्वारे संस्थेच्या पातळीवर निवड. (२) अभ्यासक्रम : पहिल्या वर्षी जीवरसायनशास्त्र, आनुवंशिकी, कोशिकाविज्ञान व संख्याशास्त्र यांचे अध्ययन, जीनोम अनुक्रमांच्या काळात यांत संगणकीय विश्लेषणाची भर पडली. (३) प्रयोगशाळांची फेरी : कायम मार्गदर्शक ठरण्यापूर्वी दोनतीन प्रयोगशाळांत प्रत्येकी काही आठवडे काम. यामुळे विद्यार्थी प्रयोगशाळेची व मार्गदर्शक विद्यार्थ्याची पारख करू शकतो. (४) पात्रता परीक्षा : नियोजित संशोधनाचा आराखडा लिहून तज्ञांपुढे त्याचे समर्थन. (५) सल्लागार समिती : साधारणतः वर्षातून एकदा प्रगतीचा आढावा. समितीने विद्यार्थ्याशी मार्गदर्शकाच्या अनुपस्थितीतही बोलावे, अशी प्रथा अनेक ठिकाणी आहे. (६) प्रबंध व मौखिक परीक्षा. यांतील तिसरा व पाचवा हे घटक वरवर किरकोळ वाटतात. तथापि विद्यार्थ्याचे भवितव्य एकाच व्यक्तीच्या हाती राहू नये, यासाठी ते सर्वांत महत्त्वाचे होत.

भारतातील नंतरची वाटचाल : भारत सरकारचा जैवतंत्रविद्या विभाग १९८६ मध्ये स्थापन झाला. या सुमारास विद्यापीठांत जैवतंत्रविद्येचे पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले व संशोधन संस्थांना अधिक तयारीचे विद्यार्थी मिळू लागले. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून निवडलेल्या अधिछात्रास प्रथम दोन वर्षे कनिष्ठ व त्यानंतर मूल्यमापन होऊन ज्येष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते. हैदराबाद येथील कोशिकीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्राचे विद्यार्थी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाकडे आणि पुण्यातील राष्ट्रीय कोशिकाविज्ञान केंद्राचे विद्यार्थी पुणे विद्यापीठाकडे नोंदणी करीत. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांसाठी पुढे स्वतंत्र अकादमी निर्माण झाली आणि तिला २०११ च्या कायद्याने पदवीदानाचा अधिकार मिळाला.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांद्वारे पीएच्.डी. साठी पूर्वाभ्यासक्रम अनिवार्य केला. त्यामुळे संशोधन संस्थांत आधीपासून चालत आलेली प्रथा निदान कागदोपत्री सर्व विद्यापीठांना लागू झाली. २०१६ च्या नियमांत प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची अट होती. २०२२ च्या नियमांत ती काढून टाकण्यात आली. पदवीचा कालावधी किमान तीन व सर्वसाधारणतः कमाल सहा वर्षे ठरविण्यात आला.

मूल्यमापन : आखीव प्रशिक्षणाचे लाभ स्पष्ट आहेत. निवड अधिक न्याय्य झाली, भिन्न शाखांतून येणाऱ्यांना समान पाया मिळाला आणि मार्गदर्शकाशी मतभेद झाल्यास किंवा प्रकल्प फसल्यास दाद मागण्याची सोय झाली. तथापि काही प्रश्न चौकटीने सुटलेले नाहीत. पहिला प्रश्न पदवीनंतरच्या स्थानाचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या एका समितीने १९९८ मध्ये जीवविज्ञानातील तरुण संशोधकांच्या स्थितीचा आढावा घेतला. प्रशिक्षणाचा काळ लांबत चालला असून स्वतंत्र संशोधकाची पदे त्या प्रमाणात वाढत नाहीत, असे दाखवून या विषयातील पीएच्.डी. विद्यार्थ्यांची संख्या आणखी वाढवू नये, असे तिने सुचविले. प्रशिक्षण कितीही उत्तम असले, तरी त्यापुढील वाट अरुंद असेल, तर चार ते सहा वर्षांच्या श्रमांचे मोल विद्यार्थ्यालाच द्यावे लागते.

दुसरा प्रश्न भारतात विशेष तीव्र आहे. संशोधन विद्यापीठांतून काढून स्वतंत्र संस्थांत नेल्यास विद्यापीठे निःसत्त्व होतील, अशी टीका मेघनाद साहा (१८९३–१९५६) यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी प्रारंभीच केली होती. संस्थांनी आपल्या निवडक विद्यार्थ्यांसाठी उत्तम शिक्षणक्रम उभारले. परंतु ज्या महाविद्यालयांतून हे विद्यार्थी येतात, तेथील बहुसंख्य विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष संशोधन करणारा शिक्षक क्वचितच भेटतो. महाबळेश्वर येथे भरणारी आधुनिक जीवविज्ञानाची चर्चासत्रे, उन्हाळी वर्ग व अल्पमुदतीच्या अधिछात्रवृत्त्या यांमुळे ही दरी थोडी कमी झाली. ती बुजलेली नाही.

तिसरा प्रश्न मूळचाच आहे. प्रयोग का फसला हे ओळखणे, कोणता प्रश्न हाती घेण्याजोगा आहे हे ठरविणे आणि आवडत्या कल्पनेविरुद्ध जाणारा पुरावा मान्य करणे, या गोष्टी अभ्यासक्रमात अंतर्भूत करता येत नाहीत. त्या जाणत्याच्या सहवासातच अंगी बाणतात. डेलब्र्यूक यांचा वर्ग, केंब्रिजचा गट व मुंबईचा विभाग यांचे यश मुख्यतः अशा सहवासाचे होते. चौकट हा सहवास निर्माण करू शकत नाही. तो काही भाग्यवंतांपुरता मर्यादित राहू नये आणि त्याचे रूपांतर परावलंबनात होऊ नये, एवढी दक्षता मात्र ती घेऊ शकते. ज्या संस्थांनी ही मर्यादा ओळखून नियम मोजके ठेवले व प्रयोगशाळेतील वेळ अबाधित राखला, त्यांचे शिक्षणक्रम अधिक यशस्वी झाल्याचे दिसते.